पाणी किती फूट?

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत जुलै महिन्यात एकच प्रश्न असतो. वीकेंडला लोणावळा की माळशेज? आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात प्रश्न वेगळा असतो. रेनकोट झटकून, ओले बूट कोपऱ्यात सरकवून, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "किती फूट?"

कशाचे फूट, कुठले फूट, हे कोल्हापुरात कुणी विचारत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची जी पातळी मोजतात, तिचे फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे दोन आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. मग चर्चा सुरू. "काल रात्री ३७ होतं", "आता ३८ आणि वर चार इंच", "राधानगरीचे दरवाजे उघडले काय?", "बंधारे किती गेले पाण्याखाली?" आमचा बॉस एरवी टार्गेट सोडून दुसऱ्या आकड्याला भाव देत नाही. पण जुलैमध्ये तोही केबिनमधून बाहेर येऊन हळूच विचारतो, "वाढतंय की उतरतंय?"

आता गंमत बघा. राजारामपुरी म्हणजे शहरातला उंचावरचा भाग. पंचगंगा आमच्या नंबरांच्या गल्ल्यांपर्यंत येत नाही. आमच्या घरात पाणी आलंच, तर ते गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो झाल्यामुळं. तरीही पुराचा सगळ्यांत जास्त अभ्यास आमच्याच गल्लीत. ज्याच्या पायाखालची जमीन कोरडी, त्यालाच पाण्याचं इतकं कौतुक का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. पडला तो २०१९ मध्ये. ती गोष्ट पुढं येतेच आहे.

आधी आमच्या या नादाबद्दल. बाहेरच्यांना पटत नाही, पण कोल्हापुरात 'पूर बघायला जाणं' हा चक्क एक कार्यक्रम असतो. जेवण उरकायचं, अख्खं खानदान दोन गाड्यांवर बसवायचं आणि पंचगंगा घाटाकडं निघायचं. घाटावरची देवळं किती बुडाली, हे मोजायचं. शिवाजी पुलाच्या दगडी खांबांवर पाणी ठरावीक खुणेला टेकलं की जुनी मंडळी समाधानानं म्हणतात, "मच्छिंद्री झाली." तोपर्यंत भाजलेल्या कणसाचा आणि गरम भज्यांचा वास आलेला असतो. आमच्या लहानपणी बाबा आम्हाला असेच घेऊन जायचे. त्या तांबड्या, जाडसर, आवाज न करता पळणाऱ्या पाण्याकडं बघत मी पहिल्यांदा पावसाच्या प्रेमात पडलो असेन. पिक्चरमधल्या चिंब पावसाच्या नव्हे, मोजायच्या पावसाच्या.

मोजायचं म्हणजे खरंच मोजायचं. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून लोक मोबाइल घेतात. मी एक प्लास्टिकचं नरसाळं आणि एक सरळ उभ्या अंगाची बाटली घेतली. गच्चीवर, भिंतींपासून आणि नारळाच्या झावळ्यांपासून लांब, विटांच्या आधारानं ते यंत्र उभं केलं. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. वहीत तारीख, मिलिमीटर, शेरा. आईनं त्या वहीला 'पावसाचं पासबुक' असं नाव ठेवलं. "निदान ह्यात तरी शिल्लक दिसतीय," हा त्यावरचा तिचा टोमणा.

पहिल्याच जुलैत मी ऑफिसमध्ये हवा केली. "काल राजारामपुरीत २०० मिलिमीटर!" अति मुसळधार! सगळे गार. दोन दिवस माझा भाव वधारलेला. तिसऱ्या दिवशी शाळेत जाणारी भाची गच्चीवर आली, नरसाळ्याला पट्टी लावली, बाटलीला लावली आणि म्हणाली, "मामा, नरसाळं १२ सेंटिमीटर रुंद आहे आणि बाटली ६. रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तुझा पाऊस चारनं भागायला हवा." भागला. ५० मिलिमीटर. हवामान खात्याच्या भाषेत हा 'मध्यम' पाऊस. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला तर जोरदार, ११५.६ च्या पुढं अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढं अतिवृष्टीचा कळस. माझी अख्खी वही चारनं भागण्यात एक रविवार गेला. आकडा डोळ्यांनी वाचणं वेगळं आणि तो आकडा कशाचा आहे हे कळणं वेगळं, हा धडा तेव्हाच शिकायला हवा होता. मी फक्त नवं नरसाळं आणलं.

असले वेडे जगभर आहेत, ही मोठी दिलाशाची गोष्ट. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला. शहराच्या एका टोकाला आभाळ फाटलेलं, तर दुसऱ्या टोकाला त्या मानानं किरकोळ पाऊस. सरकारी पर्जन्यमापकांच्या मधल्या जागेत काय चाललंय, हे वेळेवर कळलंच नाही. मग १९९८ मध्ये तिथं 'कोकोराज' नावाचं जाळं सुरू झालं. शिक्षक, शेतकरी, रिटायर्ड आजोबा, शाळकरी पोरं आपापल्या परसात पाऊस मोजतात आणि आकडा कळवतात. इंग्लंडात तर जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थानं १८६० पासूनच असे हौशी पाऊस-मोजे गोळा केले होते. म्हणजे आम्ही एकटेच 'नाद खुळा' नाही.

पण दोन-तीन पावसाळ्यांत माझ्या लक्षात आलं, की राजारामपुरीतल्या पावसाचा आणि पंचगंगेच्या पुराचा फारसा संबंधच नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजारेक मिलिमीटर पाऊस. इथून पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाचेक पट. आपल्याकडं ऊन पडलेलं असतं, लोक गाड्या धूत असतात आणि नदी मात्र चढत असते. कारण ती आपल्या पावसावर चालतच नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती. सह्याद्रीच्या कडेला पडलेलं सगळं पाणी या नद्या घेऊन येतात, प्रयाग चिखलीला भेटतात आणि मग शहराला वळसा घालून पुढं जातात. आमच्या पुराची बातमी आमच्या आभाळात नसते, ती पश्चिमेला घाटमाथ्यावर लिहिलेली असते.

त्यात राधानगरी. शाहू महाराजांनी सुरुवात केलेलं हे धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून साधारण १,४०० क्युसेक पाणी जातं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या वर. गुणाकार केला तर एका दरवाजातून सेकंदाला जवळपास चाळीस हजार लिटर. आपल्या गच्चीवर ती काळी हजार लिटरची टाकी असते ना, तशा चाळीस टाक्या. दर सेकंदाला. एका दरवाजातून.

आणि पाणी जायचं कुठं? नरसोबावाडीला, कृष्णेत. तिथं दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिण दरवाजातून बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्यात स्नान करतात. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की कृष्णा स्वतःच फुगलेली आहे. मग ती पंचगंगेला आत घेत नाही. मागून पाण्याचा रेटा, पुढं दार बंद. नदी पसरते. नाल्यांतून उलटी शहरात शिरते. जयंती नाला एरवी शहराचं पाणी नदीकडं नेतो, पुरात तोच नदीचं पाणी शहरात आणतो.

हे सगळं मला माहीत होतं, मंडळी. ऑगस्ट २०१९ च्या आधीच माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

माझा कॉलेजपासूनचा दोस्त शाहूपुरीत राहतो. आपण त्याला पार्टनर म्हणू. जयंती नाल्याच्या बाजूला तळमजल्यावरचं त्यांचं जुनं घर. खाली आई-वडील आणि तो, वर एक खोली आणि पत्रा. ऑगस्टचा पहिला आठवडा. घाटात दिवसचे दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बंधाऱ्यावरचं पाणी धोक्याच्या वर गेलेलं. रात्री पार्टनरचा मेसेज आला. "भावा, तू आकडेवाला माणूस. सामान वर न्यायला लागंल काय?"

मी टेबलावर वही उघडली. ऐटीत उघडली, खोटं कशाला बोलू. २००५ चा मोठा पूर आम्हा दोघांच्या आठवणीतला. तेव्हा त्यांच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागून परतलं होतं. मी टाइप केलं, "२००५ ला आत आलं नव्हतं. त्याच्यापेक्षा जास्त काय येतंय? फार तर उंबऱ्याला लागंल. टेन्शन घेऊ नको. झोप निवांत."

तो झोपला. माझ्या शब्दावर.

पहाटे त्याची आई पाणी प्यायला उठली आणि पाय पाण्यात पडला. उंबरा कधीच गेला होता. अंधारात, कारण लाइट घालवलेली, तिघांनी जे हाताला लागलं ते वर नेलं. फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला होता. लोखंडी कपाटाचा दरवाजा पाण्याच्या दाबानं उघडेना. त्यात घराची कागदपत्रं, काकूंच्या लग्नातला शालू आणि पार्टनरच्या दिवंगत आजोबांची तालमीतली फोटोफ्रेम. दिवसभरात पाणी छातीला आलं. संध्याकाळी होडीतून त्यांना बाहेर काढलं. पलीकडं कुंभार गल्लीत गणपती तोंडावर आलेले, आणि महिनोन्‌महिने खपून केलेल्या मूर्ती पाण्यात विरघळत होत्या.

त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली. २००५ चा आकडा कुठल्या कुठं मागं पडला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद. पेट्रोलला रांगा. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं आमच्या उंचावरच्या राजारामपुरीतही नळाला थेंब नाही. चारी बाजूंनी पाणी आणि आम्ही घागरी घेऊन टँकरच्या मागं.

पार्टनरचं कुटुंब आमच्याकडं राहायला आलं. बारा दिवस. एका शब्दानं कुणी मला काही बोललं नाही, हेच अवघड होतं. रोज सकाळी साडेआठला मी सवयीनं गच्चीवर जायचो आणि बाटलीकडं बघून खाली यायचो. नोंद करायचं धाडस होईना. एका सकाळी काका, म्हणजे पार्टनरचे वडील, मागं येऊन उभे राहिले. नरसाळं हातात घेऊन बघितलं. म्हणाले, "चांगलंय की रं. पण तू पाणी गच्चीवरनं बघतोस. आम्ही पायरीवरनं बघतो."

एवढंच. पण माझी चूक नेमकी कुठं झाली, हे मला त्या वाक्यानं शोधायला लावलं.

चूक ही, की २००५ चा पूर मी कमाल मर्यादा धरला. एकदा आलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे येऊ शकणारं सगळ्यांत मोठं पाणी, असं समजलो. नदीनं तशी गॅरंटी कुणाला दिली होती? आपल्याकडं पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. आता 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की आपल्याला वाटतं, झाला एकदा, आता नातवंडांनी बघायचं. तसं नसतं. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता. यंदा झाला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. नदीला कॅलेंडर पाठ नसतं. शिवाय हे हिशेब जुन्या पावसावर मांडलेले. पाऊस बदलला, नदीच्या पसरायच्या जागेत भराव आणि इमारती उभ्या राहिल्या, की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं.

खात्री हवी असेल तर तारखा बघा. २००५, २०१९ आणि लगेच जुलै २०२१. दोन वर्षांच्या आत पुन्हा ५५ फुटांच्या वर.

जुन्या लोकांना हे वेगळ्या भाषेत कळायचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. तरण्यावर सगळ्यांची नजर, पण २००५ चं आणि २०२१ चं पाणी चढलं ते म्हाताऱ्यात, जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात. २०१९ चं त्याच्या पाठोपाठच्या आश्लेषात. आईचं यावर मत ठाम आहे, "म्हाताऱ्यांना कमी लेखायचं नसतं."

आता २०२१ ची गोष्ट. मधल्या काळात काकांनी आणि मी मिळून एक काम केलं होतं. त्यांच्या घराच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा आहेत. २००५ ची पायरीवर, २०१९ ची आत, माझ्या छातीच्या उंचीवर. रंगारी आला तरी काका त्या रेघांवर ब्रश फिरवू देत नाहीत. आम्ही वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, त्यांची आठवण आणि माझी वही एकत्र केली आणि एक साधा तक्ता बनवला. बंधाऱ्यावर इतके फूट, तेव्हा पाणी आपल्या इथं कुठं? ४७ च्या आसपास गल्लीच्या तोंडाशी. मग कोपऱ्यावरचा विजेचा खांब. मग पहिली पायरी. हा तक्ता फ्रीजवर चिकटवला, नव्या फ्रीजवर. बंधाऱ्याचे फूट सगळ्या शहराचे असतात, पायरीचे इंच ज्याचे त्याचे.

त्या जुलैत घाटात पुन्हा आभाळ फुटलं. यावेळी मी पार्टनरला मत दिलंच नाही. दर सहा तासांनी फक्त तीन गोष्टी पाठवल्या. बंधाऱ्यावर किती, सहा तासांत किती वाढलं, राधानगरीचे किती दरवाजे उघडे. फॉरवर्ड मेसेज एकही नाही. ठरवायचं त्यांनी. ४३ व्हायच्या आत काकांनी ठरवलं. दुपारी, उजेडात, आम्ही पाच-सहा मित्रांनी फ्रीज, गाद्या, कपाटातली कागदपत्रं, सिलिंडर वर चढवलं. काकूंनी देव स्वतः नेले. फोटोफ्रेम मी नेली. रात्री ती तिघं आमच्याकडं जेवायला होती. पिठलं-भाकरी, ठेचा. पाणी घरात आलं, पुन्हा छातीपर्यंत आलं, भिंतीवर अजून एक रेघ वाढली. पण यावेळी चिखल काढून चार दिवसांत संसार खाली आला.

२०२४ च्या जुलैमध्येही नदी धोक्याच्या वर गेली. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलं. तक्ता बरोबर निघाला म्हणून काकांनी मला फोन केला. आवाजात जरा मिजास होती.

तर सांगायचं काय, की नाद सोडू नका. पण तो गच्चीवरून पायरीपर्यंत उतरवा. एक सरळ बाटली, एक वही, सकाळी साडेआठची वेळ. नरसाळं लावलंत तर क्षेत्रफळाचा हिशेब शाळेतल्या पोराकडून तपासून घ्या. नदीकाठी फ्लॅट बघायला चैत्रात जाऊ नका. गॅलरीतून 'रिव्हर व्ह्यू' दाखवणाऱ्याला निळी आणि लाल रेषा विचारा, आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला भिंतीवरची रेघ. पूर बघायला जायचंच असेल तर लांबून बघा. पुलावर गर्दी करून होडीवाल्यांची आणि ॲम्ब्युलन्सची वाट अडवू नका. आणि कुणी घाबरून तुम्हाला विचारलं, "काय होईल?", तर 'काही होत नाही' हे तीन शब्द घशातच ठेवा. आकडा सांगा, आणि उचलायला जा.

हे लिहिता लिहिता बाहेर सर येऊन गेली. बाटलीत १४ मिलिमीटर. भागाकार करून. पार्टनरचा मेसेज आलाय, "किती फूट?"

मी आकडा पाठवला. आणि खाली लिहिलं, "संध्याकाळी येतो. दोरी आणि पोती माळ्यावरनं काढून ठेव."